मनी परत आली, ती कशी? एक रोजकीर्द आणि परतणाऱ्या मांजरांचा थोडा इतिहास

मंडळाच्या मागच्या बैठकीत जुन्या घरगुती वह्यांचा विषय निघाला होता. कुणी लग्नाच्या खर्चाची यादी आणली होती, कुणी वाड्याच्या दुरुस्तीचा हिशोब. मी आमच्या आजोबांची रोजकीर्द घेऊन गेलो होतो. आजोबा बडोदे संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेले. दिवसाचा जमाखर्च रात्री निजण्यापूर्वी लिहायचा, तोही मोडीत, हा नेम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. मला मोडी येत नाही. मंडळातल्या जाणकार मित्रांनी चार पानं सहज म्हणून वाचून दाखवली आणि त्या चार पानांनी आमच्या घरातली साठ वर्षांची एक आवडती गोष्ट उलटीपालटी केली. ती गोष्ट एका मांजरीची आहे. म्हटलं तर अगदीच क्षुल्लक. पण तिच्या निमित्ताने मी जे वाचत गेलो ते इतकं गमतीचं निघालं, की ते इथे मांडावंसं वाटलं.

घरातली गोष्ट

आमचं घर दांडिया बाजारच्या मागच्या अंगाला, जुन्या पद्धतीचं, ओटला आणि मागे चौक असलेलं. साठच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. घरात मनी नावाची करडी मांजरी होती. एका उन्हाळ्यात तिने काकूच्या लग्नातल्या शालूच्या ट्रंकेत पिलं घातली. ट्रंक कुणी उघडी ठेवली यावर महिनाभर वाद झाला, पण शिक्षा मनीला झाली. पिलं मोठी होऊन चार घरी गेली आणि मग काकाने फर्मान काढलं, मांजर सोडून यायचं.

सोडून यायची पद्धत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. गोणपाटाचं पोतं, वर सुतळीची गाठ, आणि सायकल. मी मागे बसलो होतो, पोत्याचं तोंड माझ्या हातात होतं. आजीने निघताना बजावलं, ‘नदीपलीकडे सोडा. पाणी ओलांडलं की मांजराला वाट सापडत नाही.’ म्हणून आम्ही काळ्या घोड्यावरून पूल ओलांडला, स्टेशन मागे टाकलं, अलकापुरीच्या गरनाळ्याखालून रुळांच्या पलीकडे गेलो आणि गोत्रीच्या वाटेवर एका शेताच्या बांधाला पोतं मोकळं केलं. गोत्री तेव्हा खेडंच होतं. मनी बाहेर आली, थोडी बसली, मग कुंपणात गेली. मी परतताना सायकलवर रडलो. काकाने मला चार आण्याची कुल्फी दिली, ती मी खाल्ली, आणि खाल्ल्याची लाज मला अजून वाटते.

पुढचा भाग आजी सांगायची. सहा महिन्यांनी, ऐन रात्री, मागच्या दाराशी मनी ओरडली. दार उघडलं तर ओलीचिंब. विश्वामित्री पोहून, मगरींच्या तोंडातून निसटून, रूळ ओलांडून, गावभरच्या कुत्र्यांना चुकवून ती घरी आली होती. त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही. ती आमच्याकडेच म्हातारी होऊन गेली. आजी ही गोष्ट प्रत्येक नव्या सुनेला सांगायची आणि शेवट ठरलेला असायचा, ‘मुक्या जनावराला घर कळतं, तुम्हाला कळत नाही.’

पोत्याचा उपाय का?

आधी एक साधा प्रश्न. मांजर नको झालं तर लोक पोत्याची एवढी यातायात का करत? कारण मांजर मारणं हे आपल्याकडे मोठं पातक. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत त्याला प्रायश्चित्त सांगितलंय, आणि घरोघरी त्याचं सोपं रूप सगळ्यांच्या तोंडी होतं: मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला नेऊन द्यावं लागतं. सोन्याचं मांजर कुणाला परवडणार? म्हणून मग मारायचं नाही, फक्त दूर सोडायचं. ते जगलं तर त्याचं नशीब, मेलं तर आपल्या हातून मेलं नाही. पातक टाळायची ही पळवाट आहे, हे कबूल करायला हवं. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा झाला. जनावर भुकेने-तहानेने तळमळेल अशा जागी विनाकारण सोडून देणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. आमच्या पोत्याची वरात त्या कायद्यानंतरची, पण दांडिया बाजारात तो कुणाला ठाऊक होता!

आता मांजर परत येऊ नये म्हणून करायचे तोडगे. नदी ओलांडणं हा एक. पोतं गरगर फिरवणं हा दुसरा. आमच्या गल्लीत हे दुसरं करणारेही होते: सोडण्याआधी पोतं तीनदा डोक्याभोवती फिरवायचं, म्हणजे मांजराला दिशा कळत नाही. मला वाटायचं हे आपल्याकडचंच खूळ आहे. पण हाच तोडगा, अगदी पोत्यासकट, दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या दक्षिणेतले शेतकरी करत होते. आणि तो खरा की खोटा हे तपासणारा एक माणूस तिथेच होता.

फाब्रची पिवळी मांजरं

ज्याँ-आँरी फाब्र (१८२३–१९१५) हा किड्यांचा अभ्यासक. आविन्याँ शहरात शाळामास्तर होता, घरात मुलं पुष्कळ आणि पैसा बेताचा. एक दिवस बागेच्या भिंतीवर एक हडकलेलं पिवळं मांजर दिसलं. मुलांनी त्याला खाऊ घालून माणसाळवलं. त्याचा पुढे वंश वाढला आणि ही पिवळी मांजरं फाब्रच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरली. त्यांची हकीकत त्याने १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात लिहून ठेवली आहे.

आविन्याँ त्याने खुशीने सोडलं नाही. संध्याकाळच्या वर्गांत त्याने मुलींना फुलांचं परागीभवन शिकवलं, त्यावर धर्ममार्तंडांनी काहूर उठवलं, आणि घरमालकिणींनी त्याला घर सोडायला लावलं. १८७० च्या सुमाराची ही गोष्ट. हातात दमडी नव्हती. अशा वेळी मदतीला आला जॉन स्टुअर्ट मिल. बायकोच्या मृत्यूनंतर मिल आविन्याँला तिच्या थडग्याजवळ घर घेऊन राहत होता आणि फाब्रबरोबर रानात वनस्पती गोळा करत हिंडायचा. त्याने तीन हजार फ्रँक उसने दिले, कागदाचा कपटाही लिहून न घेता. फाब्रने ते पुढे फेडले.

इथे आपल्या मंडळाला जवळचा एक धागा आहे. हाच मिल १८५८ पर्यंत लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरीला होता, आणि वीसेक वर्षं त्याच्याकडे काम होतं हिंदुस्थानी संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे करण्याचं. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर ही नावं त्याच्या टेबलावरून रोज जात असणार. संस्थानांच्या वारसाहक्काचे आणि तैनाती फौजेचे कागद हाताळलेला हा माणूस म्हातारपणी एका मास्तराला घर हलवायला पैसे देतो, आणि त्या बिऱ्हाडात मांजरंही असतात.

तर बिऱ्हाड निघालं ओरांज गावाला. मांजरांचं काय करायचं? दोन बोके मोठे होते. त्यातला तरणा बोका एका डॉक्टर मित्राने मागून घेतला. रात्री टोपलीत घालून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचवला. फाब्र आणि मुलं जेवत होती, बोक्याचंच बोलणं चाललं होतं, तोच खिडकीतून ओल्या चिंध्यांचा गोळा आत पडावा तसं काहीतरी आत पडलं आणि पायांना अंग घासायला लागलं. बोका परत आला होता. दुसऱ्या दिवशी कळलं, की डॉक्टरांकडे त्याला खोलीत कोंडलं होतं, त्याने तिथे धुमाकूळ घातला, भेदरून खिडकी उघडली तशी त्याने रस्त्यावर उडी मारली. सगळं शहर ओलांडून तो काही मिनिटांत घरी आला. वाटेत सोर्ग नदी. तिच्यावर पूल होते, एक सोडून अनेक. पण बोका सरळ रेषेत आला, पाण्यातून.

फाब्रला त्याची दया आली. ठरलं, की यालाही बरोबर न्यायचं. पण दोन-चार दिवसांत तो बागेत झुडपाखाली ताठ होऊन पडलेला सापडला. कुणीतरी विष घातलं होतं. फाब्र एवढंच लिहितो, की ते काम कुणा मित्राचं नसावं. ज्या गावाने मास्तराला हाकललं, त्या गावात त्याच्या मांजरालाही सुख नव्हतं.

दुसरा म्हातारा बोका निघायच्या वेळी घरात नव्हता. गाडीवानाला दहा फ्रँक जास्त कबूल केले तेव्हा शेवटच्या खेपेला त्याने तो गाडीच्या बैठकीखाली कोंडून आणला. बाहेर काढला तर डोळे लाल, तोंडाला फेस. फाब्रला आधी वाटलं पिसाळलाय. मग लक्षात आलं, की हे दुखणं वेगळं आहे. बोका खाईना, खेळेना, कोपऱ्यातून उठेना. थोड्या दिवसांनी तो चुलीजवळच्या राखेत मेलेला मिळाला. अंगात बळ असतं तर हा आविन्याँला परतला असता का, असा प्रश्न फाब्रने विचारून ठेवलाय.

सात किलोमीटर आणि लाल माती

१८७९ साली फाब्रने पुन्हा बिऱ्हाड हलवलं, या वेळी स्वतःच्या घरी, सेरीन्याँ नावाच्या खेड्यात. ओरांजपासून अंतर सात किलोमीटर. लहान मांजरं नव्या घरी रुळली. एक मोठा बोका मात्र नाहीसा झाला. फाब्रच्या मनात आलंच, गेला असेल ओरांजला. घरच्यांना वाटलं, एवढ्या लांब कसा जाईल? मुली ओरांजला गेल्या आणि बोक्याला टोपलीत घालून घेऊन आल्या. त्याचं पोट आणि पाय लाल मातीने माखले होते. हवा तर कोरडी होती, चिखल कुठेच नव्हता. मग माती कुठून आली? फाब्रने ताडलं, की वाटेतला एग नावाचा ओढा बोक्याने पोहून ओलांडला, आणि ओल्या केसांना पुढच्या शेतातली लाल धूळ चिकटली. पूल वर एक होता, खाली एक होता. याने दोन्ही टाळले.

पंधरा दिवस त्याला माळ्यावर कोंडून, खाऊपिऊ घालून ठेवलं. सोडल्यावर चोवीस तासांच्या आत तो पुन्हा ओरांजला. तेव्हा घरच्यांनी नाद सोडला. नंतर कुणा ओळखीच्याने सांगितलं, की तो एकदा कुंपणाआड तोंडात ससा घेऊन दिसला होता. पोसणारं कुणी नव्हतं म्हणून चोरटी शिकार करून जगत होता. म्हणजे बोका घरी गेला, पण त्या घरात आता त्याचं कुणी नव्हतं. हे वाचताना मी थोडा थांबलो. फाळणीनंतर किंवा धरणाखाली गेलेल्या गावांतून उठलेल्या माणसांच्या ज्या हकीकती आपण या मंडळात ऐकल्या आहेत, त्यांत परत जाऊन नुसता ओटला बघून येणारे अनेकजण आहेत.

आता गरगर फिरवण्याचा तोडगा. तो फाब्रला गावकऱ्यांकडूनच कळला होता: मांजर दुसऱ्या मळ्यावर द्यायचं तर पोत्यात घालून निघताना जोरात फिरवायचं, म्हणजे ते परतत नाही. दुसरीकडे इंग्लंडात चार्ल्स डार्विनच्या डोक्यात अशीच कल्पना आली होती. त्याने १८८० च्या सुमारास फाब्रला पत्रातून सुचवलं, की मधमाशीसारख्या ज्या रानमाश्यांवर तुम्ही प्रयोग करता, त्यांना आधी उलट्या दिशेला न्या, मग डबीत घालून फिरवा आणि सोडा. दिशा हरवते का पाहा. गावठी तोडगा आणि डार्विनची सूचना एकच निघाली याची फाब्रला फार गंमत वाटली. त्याने माश्या फिरवल्या, मनसोक्त फिरवल्या. तरी त्यातल्या पुष्कळ घरट्यांशी परतल्या. मांजरांबद्दल त्याने चौकशी केली तेव्हा तोडग्याची खात्री देणारा प्रत्येकजण दुसऱ्याचा हवाला देई, आणि फिरवूनही परतलेल्या मांजरांचे दाखले निघाले. तोडगा खोटा. निकाल पूर्ण हाती यायच्या आत, १८८२ च्या एप्रिलमध्ये, डार्विन वारला.

वास, दिशा आणि सदतीस मांजरं

फाब्रच्या आधी काही वर्षं, १८७३ च्या सुरुवातीला, ‘नेचर’ या साप्ताहिकात यावरच पत्रांची झोड उठली होती. आल्फ्रेड रसेल वॉलेस, म्हणजे डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा, त्याने म्हटलं की टोपलीत कोंडलेल्या जनावराला दिसत नसलं तरी वास येतच असतात. गोठा, मग भटारखाना, मग डबकं, मग कोबीचं शेत. वासांची ही ओळ त्याला पाठ होते आणि तो ती उलटी म्हणत घरी येतो. कल्पना मोठी सुंदर आहे. लगेच उत्तरं आली, की मग जनावर नेलेल्याच वाटेने परतायला हवं. फाब्रचे बोके तर तसे परतले नाहीत. ते आडवे, पाण्यातून आले.

याच काळात गमतीच्या बातम्याही पिकल्या. १८७६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं, की बेल्जममधल्या लिएज शहरातली सदतीस मांजरं पोत्यांत घालून दूर रानात नेऊन सोडली, पहिलं पाच तासांच्या आत घरी पोचलं आणि चोवीस तासांत सगळी सदतीस. आता म्हणे मांजरांच्या गळ्यात पत्रं बांधून टपाल चालवायचं. ही हकीकत आजही जशीच्या तशी सांगितली जाते. पण मूळ मजकुराचा सूर थट्टेचा आहे, आणि सदतीसपैकी सदतीस हा आकडाच सांगतो, की मीठ जरा जास्त पडलंय. ज्याने कधी मांजर पाळलंय त्याला हे समजावून सांगायला नको. सदतीस मांजरं एका वेळी जेवायलासुद्धा येत नाहीत.

नीट प्रयोग व्हायला विसावं शतक उजाडलं. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या फ्रान्सिस हेरिक या प्राध्यापकाने १९२२ साली आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांची सुरुवातही, ऐका, पिशवीत घालून ट्रामने नेलेल्या मांजरापासूनच आहे. ते सुटलं आणि काही मैल चालून घरी गेलं. मग हेरिकने एका पिलांच्या आईला वेगवेगळ्या दिशांना झाकून नेऊन सोडलं. एक ते चार मैलांवरून ती पिलांकडे परतत राहिली. सोळा मैलांपलीकडे नेली तेव्हा मात्र आली नाही. १९५४ साली जर्मनीत कील इथे प्रेश्ट आणि त्याच्या सहकारी बाईंनी मांजरांना झाकून नेऊन, चहूकडे वाटा फुटलेल्या बंद चक्रव्यूहात सोडलं आणि ती कुठल्या वाटेने बाहेर पडतात ते मोजलं. घर जवळ असलं तर घराच्या बाजूची वाट जास्त वेळा निवडली जाई. अंतर वाढलं की हे कमी होत जाई.

थोडक्यात, पाचसात किलोमीटरचं परतणं मांजराच्या आवाक्यातलं आहे. त्यात ओळखीचे वास, आवाज, आधीची भटकंती यांचा वाटा असणार, आणि दिशेची काही जाणही. शेकडो मैलांचे दाखले दुर्मिळ, पण अगदीच नाहीत असं नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डेटोना बीच इथे प्रवासात हरवलेली हॉली नावाची मांजरी दोन महिन्यांनी, सुमारे दोनशे मैलांवरच्या आपल्या गावात, घरापासून मैलभर अंतरावर सापडली. पंजे झिजलेले, अंगात त्राण नाही. ती हॉलीच कशावरून? तिच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली होती.

ओळख कशी पटवायची?

हा शेवटचा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि मराठी माणसाला तो नवा नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. ते गेल्याच्या बातम्या आल्या, पण पार्वतीबाईंनी त्या मानल्या नाहीत आणि १७८३ मध्ये मरेपर्यंत त्या सौभाग्यचिन्हं लेऊन राहिल्या. मध्यंतरी भाऊ म्हणवणारा एक माणूस उगवला. त्याला धरून रत्नागिरीला कैदेत ठेवलं होतं. १७७६ साली तो तिथून सुटला, कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पुण्यात चौकशी होऊन त्याला देहान्त शिक्षा झाली. भाऊसाहेबांच्या तोतयाचं हे प्रकरण नुसत्या फसवणुकीचं नाही. लोकांना भाऊ परत यायला हवे होते. ज्याची वाट पाहतो त्याच्या आकाराचं कुणीही दाराशी आलं, की आधी दार उघडलं जातं आणि मग चेहरा पाहिला जातो.

मांजराचं तसंच. वर्षभराने दारात आलेलं करडं मांजर आपलंच, असं किती घरांनी मानलं असेल! आणि दुसरी बाजू अशी, की जी मांजरं परतली त्यांच्या गोष्टी झाल्या. जी कुंपणात शिरली आणि तिथेच राहिली, त्यांची गोष्ट कुणी सांगितली नाही. आमच्या एकट्या गल्लीतून माझ्या लहानपणी डझनभर तरी मांजरं पोत्यातून गेली असतील. आम्ही सांगतो ती मनीची.

रोजकीर्दीची चार पानं

आता वही. आजोबा मांजरीच्या दुधाचा खर्च वेगळा लिहीत. घरातलं दूध आणि मांजरीचं दूध एका ओळीत येता कामा नये, हा त्यांचा हिशोबाचा काटेकोरपणा. त्यामुळे मनी कधी गेली ते वहीत आपोआप नोंदलं गेलंय: वैशाखातल्या एका दिवशी ती ओळ बंद होते. आणि ज्येष्ठात पुन्हा सुरू होते. मोजले तर तेवीस दिवस. आजीचे सहा महिने म्हणजे तेवीस दिवस.

इथवर ठीक. गोष्ट सांगता सांगता वाढते, त्यात नवल नाही. शिवाय वैशाख-ज्येष्ठात विश्वामित्रीला पाणी ते किती! पोहून यायला नको, आणि पूलही होताच. ओलीचिंब हा तपशील फाब्रच्या बोक्याला शोभतो, आमच्या मनीला नाही. पण आजीच्या शास्त्राप्रमाणे मधे पाणी होतं, तेव्हा परत आलेल्या मांजरीला ओलं असणं भागच होतं.

पण दूध पुन्हा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आणखी एक ओळ आहे. मित्रांनी ती दोनदा वाचली, मग मला बोटाने दाखवली. घोडागाडी, गोत्री, जाऊन येऊन. त्याच ओळीखाली एक मोठी टोपली. बस, इतकंच.

आजोबा गोत्रीला कशाला गेले असतील? तिथे आमचं कुणी नव्हतं. एरवी आजोबा स्टेशनलासुद्धा चालत जायचे आणि घोडागाडीला उधळपट्टी म्हणायचे. एकच ओळ आहे, तिच्यावरून खात्रीने सांगता येत नाही हे मला कळतं. मंडळात आपण नेहमी म्हणतो, एका कागदावर इतिहास उभा करू नये. पण तारखा जुळतात, जागा जुळते, आणि टोपली घरात नव्याने आलेली आहे. मला जे दिसतं ते असं: तेवीस दिवस घरातल्या त्या हट्टी म्हाताऱ्याला झोप लागली नाही. शेवटी त्यांनी गाडी केली, बांधाबांधाने हाका मारल्या, मांजर शोधलं आणि रात्री सगळे निजल्यावर मागच्या दाराशी सोडलं. काकाचा शब्द मोडला असं दिसू नये, म्हणून ते गप्प राहिले. खर्च मात्र लिहिला, कारण खोटा हिशोब त्यांना लिहिता येत नव्हता. मोडी वाचणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, हेही त्यांना ठाऊक असणार.

आपल्या इकडे गुजरातीत म्हणतात, कोथळामांथी बिलाडुं नीकळ्युं. भलतंच काही बाहेर आलं की म्हणतात तसं. आमच्या पोत्यातून साठ वर्षांनी निघालं ते हे. सुरुवातीला मला वाईट वाटलं, आजीची गोष्ट गेली म्हणून. मांजरीने घर शोधलं नव्हतं तर! मग वाटलं, मी पोत्याचं तोंड धरून बसलो होतो, माझ्या बाजूने कुणी काही करत नाहीये असं मला त्या वयात वाटलं होतं, आणि त्याच वेळी माडीवर वही लिहिणारा माणूस दिवस मोजत होता. हे मला त्यांच्या हयातीत कळायला हवं होतं. त्यांच्याशी आम्ही मुलं फारसं बोलायचोच नाही.

आजीला ठाऊक होतं का? चाळीस वर्षं ती गोष्ट सांगत राहिली आणि दरवेळी ‘मागच्या दाराशी’ म्हणताना आजोबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहायची, असं माझी मोठी बहीण आता म्हणते. पण आता म्हणते, हे लक्षात ठेवायला हवं. वहीची चार पानं तिला वाचून दाखवल्यावर ती हे म्हणाली.

वहीची अजून दोनशेच्या वर पानं वाचायची आहेत. बडोद्यात, इंदूरला, ग्वाल्हेरला अशा मोडी रोजकीर्दी पुष्कळ घरांच्या माळ्यावर पडून आहेत. दरबारी दप्तरं सरकार सांभाळतं, या वह्या मात्र दर दिवाळीच्या सफाईत रद्दीत जातात. आपल्या घरी असतील तर मंडळाच्या बैठकीला घेऊन या. वाचून देणारी माणसं अजून आहेत, पण ती सगळी सत्तरीच्या पुढची आहेत.